लिंबाजी ड्रेसरांचा दुसरा कागद

लिंबाजी ड्रेसर कानात घालायचं औषध आधी काखेत धरायचे. बाटली बंडीच्या आत, डाव्या काखेत, आणि ती तशीच दाबून पाच-दहा मिनिटं दवाखानाभर फिरायचे. एका हातानं पट्ट्या गुंडाळायचे, एका हातानं कपाट लावायचे, पण काख सोडायचे नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांचा डावा हात अधू आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी नर्स म्हणून तिथं रुजू झाले ती सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात. चार दिवस त्या हाताची कीव करून झाली आणि मग मी सरळ विचारलं. तर म्हणाले, गार थेंब कानात पडला की पोराला गरगरतं, भिंत धरावी लागती, आणि तसलं पोरगं दुसऱ्यांदा दवाखान्याची पायरी चढत न्हाई. एवढं सांगून बाटली काढली, गालाला लावून बघितली आणि परत काखेत घातली.

आमचा दवाखाना पिंगळी स्टेशनापासून सहा-सात मैल आत होता. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीत एक लाकडी बाक. डॉक्टर यायचे आणि बदलीच्या खटपटीला लागायचे; कुणी वर्षभर टिकलं तर नवल. राहायचो ती आम्ही दोघं. मामा, म्हणजे लिंबाजी, आणि मी. मामा तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. निजामाच्या वेळचा खाकी कोट, त्याची सरकारी बटणं तोडून साधी लावलेली. त्यांचं शिकणं सगळं उर्दूत. राज्य बदललं, मग प्रांत बदलला, दवाखान्याचं रजिस्टर मराठीत आलं आणि मामांची पंचाईत झाली. मराठी अक्षर ते काढायचे, लिहायचे नाहीत. एक ‘क्ष’ काढायला त्यांना नाडी बघण्याइतका वेळ लागायचा. म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते माझ्याच अक्षरात झालं.

मी काही फार मायाळू बाई नाही. तेव्हाही नव्हते. लोक मला कडू म्हणायचे आणि मला ते सोयीचं पडायचं. पण कानाच्या रांगेपुढं माझीसुद्धा जीभ बंद व्हायची. पाऊसकाळ सरला की मेंढरामागं फिरणारी, डबक्यात डुंबणारी पोरं यायची. कान वाहायलाय, वास मारायलाय, वर्गात मास्तर मारायलेत. घरच्यांनी आधी सगळे उपाय करून झालेले असायचे. कोमट तेल, शेळीचं दूध, कांद्याचा रस, आणि काही असलं की मी इथं लिहीत नाही. मामा काडीला कापूस गुंडाळायचे, कान पुसायचे आणि तो कापूस नाकाशी धरायचे. वासावरून सांगायचे, हा पाण्याचा कान, हा जुना कान, ह्याचा पडदा गेला. पुढं डोक्याला आरसा बांधून डॉक्टर बघायचे आणि तेच सांगायचे. मी नाकाला पदर लावायची. मामा म्हणायचे, ‘‘बाई, कान म्हंजे घराचं मागलं दार हाय. म्होरलं दार समदेच झाडतेत.’’

मामांची स्वतःची पोरगी होती, गोदी. दोन्ही कानांचे पडदे फुटलेले. चार वर्षांची असताना गोवर आला, त्यात आई गेली आणि हिचे कान गेले. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर तिला कळायचं. हळू बोललेलं किंवा पाठीमागून बोललेलं कळायचं नाही. सगळ्या तालुक्याचे कान पुसणारा माणूस रोज सकाळी आधी लेकीचे कान पुसून यायचा. दुपारी गोदी भाकरी घेऊन दवाखान्यात यायची. मी तिथं गेले तेव्हा अकरा वर्षांची होती. फार मोठ्यानं बोलायची. बाकावरचे पेशंट दचकायचे. आवाज लहान कर, असं तिला कुणी म्हटलं की मामा त्या माणसाकडं नुसतं बघत राहायचे.

त्या वर्षी हैदराबादेहून कानाचे एक मोठे डॉक्टर आमच्या भागात शिबिराला आले. परदेशात शिकून आलेले. कानामागची पातळ कातडी काढून ते फुटक्या पडद्याला ठिगळ लावायचे, आणि ठिगळ धरलं की माणसाला ऐकू यायचं. तेव्हा हे अगदी नवं होतं. माणूस सरळ होता. त्यानं आई-बापांना सांगितलं, मोठ्या माणसांत मला थोडंफार यश आहे, लहान पोरांत किती येतं ते अजून मला माहीत नाही. आधी थोडी पोरं नेतो, वर्षानं ती कशी आहेत ते कळलं की मग पुढची नेईन. मामांनी अकरा पोरं निवडून दिली. गोदीचं नाव त्यात नव्हतं. तिचे कान तेव्हा ओले होते आणि ओल्या कानात ठिगळ टिकत नाही. मामांनी दुसऱ्याच दिवसापासून लेकीचे कान कोरडे करायला घेतले. पुढच्या सालच्या यादीत पहिलं नाव मी लिहिलं ते गोदीचं.

अकरा पोरांना घेऊन मामा हिवाळ्यात दोन खेपा हैदराबादेला गेले. पहिल्या खेपेला मीही होते. पिंगळीला गाडीत बसलो आणि पोरांनी एकच गळा काढला. आई-बापांपासून कधी सुटलेली नव्हती ती, आगगाडी तर कुणी आतून पाहिलेली नव्हती. मी दटावलं, तसा आवाज वाढला. मामांनी मला गप्प केलं. एकेकाला समोर उभं करून, तोंड मोठं उघडून, बोटं मोडत स्टेशनं शिकवायला लागले. मिरखेल, पूर्णा, चुडावा, लिंबगाव, नांदेड, मुदखेड. स्टेशन आलं की सगळ्यांनी खिडकीतून बोट दाखवायचं. नांदेड येईपर्यंत पोरं रडायची थांबली होती आणि मुदखेडला तर त्यांनी आमच्या आधी ओरडून डबा डोक्यावर घेतला. येताना पट्ट्या बांधलेल्या डोक्यांनी तेच उलटं म्हणत आली. घरी आल्यावर मामांनी गोदीलाही ती नावं शिकवली. पुढच्या साली तुला बी न्यायचंय, तवा पाठ पाहिजे, म्हणून.

शस्त्रक्रिया झाली तरी पुढं वर्षभर फार जपावं लागतं. पाणी नाही, तेल नाही, डुबकी नाही. आता दिवाळी आली की आपल्याकडं पोराला तेल लावल्याशिवाय आणि कानात तेलाचे दोन थेंब सोडल्याशिवाय कुठल्या आईचा हात थांबतो? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मामा ताडकळसच्या बाजारात तेल्याच्या घाण्याच्या मालासमोर जाऊन उभे राहिले आणि येईल त्या बाईला विचारायला लागले, तुमच्या घरात कान शिवलेलं पोरगं हाय का. तेली आधी हसला, मग चिडला. एका म्हातारीनं मामांना धरलंच. म्हणाली, मी सात पोरांच्या कानात तेल घातलं, तू कोन रे मला सांगनार? मामा म्हणाले, ‘‘आजी, गोधडीचा टाका वल्ल्या धाग्यानं मारता का? तेलात बुडवून?’’ म्हातारी म्हणाली, निसटंल की टाका. ‘‘मग पोराचा का निसटवता,’’ मामा म्हणाले. तेल कानामागं बोटानं लावायचं, आत सोडायचं नाही, असं त्या म्हातारीनंच मग बाजारभर सांगितलं. तेल्यानं मामांना एक पळी तेल दिलं, मामांनी ते घेतलं नाही.

वर्ष झालं. हैदराबादच्या डॉक्टरांचा कागद आला. प्रत्येक पोराला पाठमोरं उभं करायचं, एक कान बोटानं झाकायचा, दुसऱ्या कानामागं हातभर अंतरावरून हलक्या आवाजात सहा शब्द बोलायचे, पोरगं किती शब्द बरोबर म्हणतं ते लिहायचं. शब्द आपल्या मर्जीचे. शस्त्रक्रियेच्या आधी हीच परीक्षा मामांनी भाज्यांची नावं घेऊन केली होती आणि अकराच्या अकरा पोरं दगडासारखी उभी राहिली होती. आता पोरं आली ती घाबरून; पुन्हा नेतेत की काय असं त्यांना वाटलं. पहिल्या पोरीनं तर तोंडच उघडेना. तेव्हा मामांना सुचलं, ओळखीचं काही बोलावं. ते तिच्या मागून हळूच म्हणाले, ‘मिरखेल’. पोरगी हसली. म्हणाली, मिरखेल. पुढं सहाही म्हणाली.

मग सगळ्यांना तेच. अकरापैकी दहा पोरांनी सहाच्या सहा स्टेशनं म्हटली. मी लिहीत होते. ऐकू येतं, ऐकू येतं, ऐकू येतं. मामांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. काखेतली बाटली विसरून ते ओसरीत उभे होते. आई-बापांना सांगत होते, आता पोराला मोकळं सोडा, मागून हाक मारली तरी वळंल. मला म्हणाले, गोदीचे कान तीन म्हैने कोरडे हायेत बाई. दोन महिन्यांनी डॉक्टर स्वतः येणार होते, झालेल्यांचा कागद न्यायला आणि पुढच्या आठ पोरांची यादी न्यायला.

ते यायच्या साधारण तीन आठवडे आधीची गोष्ट. सोपान नावाचा एक नऊ वर्षांचा पोरगा होता, अकरांतला. बाप केरबा, मेंढरं राखणारा. त्या साली चारा नव्हता म्हणून मेंढरं भावाकडं टाकून केरबा येलदरीला धरणाच्या खोदकामावर गेला होता, बायको-पोरासकट. एका सकाळी तो सोपानला घेऊन दवाखान्यात आला, दोन मोटारी बदलून. पोराच्या खांद्यावर चिंधी बांधलेली, खाली मोठी जखम. तिकडं दवाखाना नव्हता का, मी विचारलं. होता, पण मामाकडंच यायचं होतं, म्हणाला.

काय झालं ते त्यानं सांगितलं. खडकात सुरुंग लावतात, त्याआधी लाल फडका दाखवून माणूस ओरडतो, सगळे पळतात. सोपान फडक्याकडं पाठ करून खड्यांनी खेळत बसला होता. ओरडलेलं सगळ्यांनी ऐकलं, त्यानं नाही. केरबा धावला, पोराला ओढलं, तरी एक दगड खांद्यावर बसलाच. डोक्यावर बसता तर काम संपलं होतं. केरबा चिडला नव्हता. तो फक्त सांगत होता. म्हणाला, ‘‘आधी ह्याची माय ह्याला पदराला बांधून फिरायची, मामा. तुमी म्हनलात, ऐकू येतं. म्हनून सोडला.’’

मामांनी जखम धुतली, पट्टी बांधली. हात नेहमीसारखेच चालत होते. मग पोराला पाठमोरं उभं केलं, एक कान झाकला आणि हळूच म्हणाले, ‘मिरखेल’. सोपान म्हणाला, मिरखेल. मामा थोडं थांबले आणि त्याच आवाजात म्हणाले, ‘कांदा’.

सोपान म्हणाला, पूर्णा.

मामा म्हणाले, ‘तुझा बाप’. सोपान म्हणाला, चुडावा. मामांचा श्वास मानेला लागला की पोरगं पुढचं स्टेशन म्हणायचं. सहाच्या सहा म्हटली, आणि वळून मामांकडं बघून हसला. शाबासकी पाहिजे होती त्याला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी रजिस्टर मिटून ठेवलं. मला काही वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

दुपारी गोदी भाकरी घेऊन आली. मामांनी भाकरी घेतली नाही. तिला पाठमोरी केली, कान झाकला आणि ओठ न हलवता नुसती फुंकर घातल्यासारखं केलं. गोदीनं खणखणीत आवाजात सहाही स्टेशनं म्हटली. तिच्या कानाला अजून कुणी चाकू लावलेला नव्हता. म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘आबा, झाली का माझी परीक्षा? पास हाय ना मी?’’ मामांनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत एवढंच. बाकी संध्याकाळपर्यंत रांगेतले सगळे कान त्यांनी पुसले.

पुढचे पंधरा दिवस मामा सुट्टी टाकून फिरले. अकरा पोरं सात गावांत पसरलेली. सायकल, बैलगाडी, मोटार, जे मिळेल ते, आणि नाहीतर पायी. येलदरीलाही जाऊन आले. जवळच्या तीन गावांना मी गेले होते. ह्या खेपेला मामा तोंडापुढं हात धरायचे, श्वास लागू नये म्हणून, आणि शब्द दर पोराला वेगळे. चुलीतली लाकडं, शेळीचं नाव, बहिणीचं नाव, काहीही. एका गावात एक आई दारात उभी राहून हे बघत होती. तिच्या पोरीला सहातला एकही शब्द आला नाही. आई म्हणाली, मला म्हाईत होतं मामा, पर तुमी इतकं खूश झालतात, मग मी काय बोलू. मामांनी तिच्या पाया पडायला हात पुढं केले. ती मागं सरकली. मला फार संताप आला, कुणाचा ते अजून नीट सांगता येत नाही.

अकरापैकी तिघांना ऐकू येत होतं. सहा जण होते तिथंच होते. दोघांचे कान पुन्हा वाहायला लागले होते, आधीपेक्षा जास्त, आणि त्यांना आधी जेवढं ऐकू यायचं तेवढंही येत नव्हतं. मामांनी सांगितलं आणि मी दुसऱ्या कागदावर लिहिलं. लिहून झाल्यावर दोन्ही कागद टेबलावर होते. तेव्हा मी जे बोलले ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

मी म्हटलं, मामा, पहिलाच कागद देऊ. मी म्हटलं, हैदराबादहून कोण बघायला येतंय? हा कागद बघितला की डॉक्टर पोरांचं काम थांबवणार, त्यानं सांगितलंच होतं. गोदीचा नंबर पहिला आहे. तिला ठिगळ लागू द्या, मग पाठवा खरा कागद. अकरांत तिघांना येतंच की, त्या तिघांत ती नसेल कशावरून? मी हे हळू, समजुतीनं बोलले. मला तेव्हा त्यात काही वाईट दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही रात्रंदिवस माझं मन मला खातं असं काही नाही.

मामांनी दुसरा कागद हातात घेतला. त्यांना माझी अक्षरं वाचायला वेळ लागायचा, तरी त्यांनी सगळी अकरा नावं बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, ‘‘यादीत अजून सात हायेत, बाई. त्यातल्या कुनाचा बाप बी केरबासारखा पोराला मोकळा सोडंल.’’ आणि थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘तिला लागलं तर बरं, न्हाई लागलं तर मी तिच्यासाठी खोटं बोललो. आन् वाईट झालं तर?’’ मी म्हटलं, तुम्ही बघा. मला राग आला होता. एवढा सोपा उपाय समोर असताना हा माणूस अडून बसला असं मला वाटत होतं.

ठरल्या दिवशी डॉक्टर आले. ओसरीतल्या बाकावर बसले, चहा घेतला. मामांनी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि उभ्या-उभ्या सांगितलं, पयला खोटा हाय साहेब, चूक माझी हाय, बाईची न्हाई. स्टेशनांचं सगळं सांगितलं. डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. दोन्ही कागद मांडीवर शेजारी-शेजारी ठेवून नाव-नाव बघत राहिले. ज्या दोन पोरांचं वाईट झालं त्यांच्या नावांवर बोट ठेवून बरंच विचारलं, कधीपासून वाहतो, सर्दी होती का, पोहायला गेलं होतं का. मग म्हणाले, मोठ्यांवर मी करत राहीन, पोरांवर आता नाही. ठिगळ का सुटतं ते मला कळत नाही, कळेपर्यंत नाही. मामांचा हात हातात घेऊन म्हणाले, हा दुसरा कागद माझ्याकडं राहू दे.

जाताना त्यांनी नव्या यादीचा कागद मागितला. ह्यांच्या घरच्यांना तुम्हालाच सांगावं लागेल, म्हणाले. वरचं नाव वाचलं. ही कोण? मामा म्हणाले, हाय एक, गावातलीच पोरगी. मी तिथंच उभी होते, हातात चहाची बशी होती. मीही बोलले नाही.

सात घरी मामा स्वतः जाऊन सांगून आले. एका बापानं शिव्या दिल्या, तुझ्या कागदापायी माझं पोरगं बहिरं राहिलं म्हणाला. मामा ऐकून घेऊन आले. राहिलं आठवं घर, त्यांचं स्वतःचं. गोदीनं जाण्यासाठी नवा परकर शिवून ठेवला होता. तिला मामांनी सांगितलं, डाक्टर लांब परदेशी गेलेत, येतील तवा जाऊ. सगळ्या गावाला खरं सांगणाऱ्या माणसाला लेकीच्या तोंडावर ते बोलवलं नाही. मला हे गोदीनंच सांगितलं. दर महिन्याला विचारायची, बाई, आले का डाक्टर? मी म्हणायची, नाही अजून.

मामांमध्ये त्यानंतर बदल झाला असं कुणाला दिसलं नसेल. बाटली काखेत, कापूस नाकाशी. फक्त पोरांची परीक्षा घ्यायची झाली की ते मला म्हणायचे, बाई, तुमीच बोला, मी कान झाकतो.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला आणि पावसाळ्याआधी माझी बदली झाली. पेटी-बिस्तर मोटारीच्या थांब्यावर टाकून मी मामांच्या घरी निरोप घ्यायला गेले. दिवस अजून बराच वर होता. दार उघडं होतं. आत गोदी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, दाराकडं पाठ करून. मामा तिच्या मागं हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसले होते आणि बोलत होते. आवाज हलका, आम्ही परीक्षेत वापरायचो तेवढा. मला वाटलं, कुणी आलंय. कुणी नव्हतं.

ते म्हणत होते, ‘‘तुजं नाव पयलं व्हतं, बाय. डाक्टर कुटं गेला न्हाई. म्या कागद दिला. बाई म्हनल्या व्हत्या, देऊ नगा. म्या दिला. तुला लागलं असतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई. रोज इचार करतो. बापावर राग धर, पर इचारू नको मला, तोंडावर सांगाया व्हत न्हाई.’’

गोदी भाकरी थापत होती. थांबली नाही, वळली नाही. मी दारातून दोन पावलं मागं सरकले आणि बाहेरूनच मोठ्यानं हाक मारली. मामा उठून बाहेर आले. मोटारीत बसताना डोकं वाचवा, एवढंच बोलले, आणि आत जाऊन माझ्यासाठी दोन भाकरी फडक्यात बांधून घेऊन आले. त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. रस्त्यापर्यंत सोडायला ते आले नाहीत, गोदी आली.

रस्त्यावर आल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ नीट दिसावेत म्हणून. चौदा वर्षांची झाली होती. नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलायला गेली, मग इकडं-तिकडं बघून आवाज लहान केला. तिला तो लहान करता येतो हे मला तेव्हा कळलं.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘आबा रोज माझ्या मागं बसून बोलतेत, मानेला वारा लागतो. मी वळले की गप होतेत. म्हनून मी वळतच न्हाई. तुमी आत्ता दारात होता, सावली आत पडली तुमची. काय बोलायलेत ते?’’

मी तोंड तिच्याकडं केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, भाकरी चांगली होते म्हणतात.

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली.

‘‘रोज?’’

‘‘रोज,’’ मी म्हटलं, आणि मोटारीकडं निघाले.